वीस मिनिटं मागे

पूर्णगडच्या वाचनालयात 'साडेतीन वाव'ची एकच प्रत आहे.
पुठ्ठा तिसऱ्यांदा चढवलेला. मागची चिठ्ठी शिक्क्यांनी भरली
तेव्हा मी तिच्यावर दुसरी डकवली, मग तिसरी.
लेखक : आंबोळकर. एवढंच.
आद्याक्षरं नाहीत, फोटो नाही, अर्पणपत्रिका नाही.
प्रकाशक कोल्हापूरचा; त्याच्या गाळ्यात आता प्लायवूड मिळतं.

लिमये मास्तर म्हणतात, ही कादंबरीच नव्हे.
दोनशे बारा पानं खाडीकाठी घडतात
आणि पाणी एकदाही दिसत नाही!
नुसत्या डोलकाठ्या वर येतात, डोलकाठ्या खाली जातात.
याला काय वर्णन म्हणायचं?
(तरी दर मे महिन्यात नेतात. दंड भरतात.)

शरयू खवळे, आरोग्यकेंद्रातली नर्स,
तिचं म्हणणं, सातवं प्रकरण पुरुषाच्या हातचं नाही.
रात्रपाळीला कळा मोजत वाचलंय मी, मला सांगू नका.
बापट वकिलांनी बुडालेले मोजले :
सहा बुडतात, पाच सापडतात,
सहावा म्हणजे लेखक स्वतः.
पैज लावून सांगतात. पैज कोणी घेत नाही.

रत्नागिरीहून कॉलेजची पोरं येतात मोटारसायकलवर.
एकाने शेवटचं वाक्य मनगटावर गोंदवलंय :
होडी बांधून ठेव, मी येईनच असं नाही.
'येईनच'मधला च गोंदणाऱ्याने गाळला,
त्यामुळे त्याच्या हातावर कादंबरी
आहे त्याहून निराश संपते.
ते इथलेच ना, पोरं विचारतात, कुठे राहायचे?
कोणी म्हणतं कस्टममध्ये होते, बदली झाली.
कोणी म्हणतं मस्कत.
पुण्याच्या एका बाईंनी माझाच फोटो काढला,
तुम्हीच तर नाही ना?
मी वर्गणीची पावती फाडून दिली.

गफूर भाटकर वाचणाऱ्यांतला नव्हे.
जाळं विणताना नातीने मोठ्याने वाचलं, याने कान दिला.
पुस्तक परत द्यायला स्वतः आला. म्हणाला,
यातलं पाणी वीस मिनिटं आधी भरतं.
मी म्हटलं, गोष्ट आहे, चुकलं असेल.
त्याने चंद्राची तारीख धरून बोटांवर पाऊणपट केली,
भांगाचं पाणी, अवसेचं उधाण, एकेक प्रसंग लावून दाखवला.
दरवेळी वीस. कमी नाही, जास्त नाही.
चुकणारा माणूस असा एकसारखा चुकत नाही, बाई.

पायऱ्यांवर त्याच्या चपला वाजायच्या थांबेपर्यंत
मी मान वर केली नाही.
मग केली.
घड्याळात पावणेचार,
आणि चार पाचची एसटी नाक्यावर हॉर्न देत होती.
अख्ख्या गावाला ठाऊक आहे, हे घड्याळ मागे आहे,
माझ्या आधीच्या ग्रंथपालांच्याही आधीपासून.
आम्ही मनात वीस मिळवतो आणि निघतो.
ज्याने मिळवले नाहीत तो इथला नव्हे.
किंवा इतका इथला,
की दुसरं घड्याळ पाहायला बाहेर पडलाच नाही.

खिडकीच्या वर घड्याळ, खिडकीसमोर वेताची खुर्ची.
पंखा तिथवर पोचत नाही म्हणून रिकामीच असते.
संध्याकाळी कुलूप लावण्याआधी बसले तिच्यात.
चौकट उंच आहे. बसल्या माणसाला खाडी दिसत नाही.
दिसतात फक्त डोलकाठ्या,
कडेवरून बोट बोट वर येणाऱ्या.

लिमये मास्तरांना सांगितलेलं नाही. पोरांना तर नाहीच.
जुन्या हजेरीवह्या कपाटात आहेत, किल्ली माझ्या कमरेला.
गुरुवारी पावसचा घड्याळजी आला.
बाई, मागे पडतंय हे, लावून देऊ?
त्याला चहा दिला. म्हटलं,
नुसतं तेल घाल.